आधीची गाडी

बदलापूर पूर्वेला अक्का राहतात. सख्ख्या नात्यातली माणसं थोडी, पण अख्खी सोसायटी त्यांना अक्का म्हणते. मुंबईच्या जीपीओत त्यांनी नोकरी केली आणि तिथूनच त्या निवृत्त झाल्या. बदलापूर ते सीएसएमटी हे अंतर ६८ किलोमीटर. रोज जाऊन-येऊन तीन तास लोकलमध्ये, तेही गाड्या वेळेवर धावल्या तर.

या सगळ्या वर्षांत अक्कांनी एक नियम पाळला. ज्या गाडीने ऑफिसात वेळेवर पोचता येतं, तिच्या आधीची गाडी पकडायची. डब्यातल्या मैत्रिणी म्हणायच्या, "अक्का, रोजची वीस मिनिटं झोप गेली की हो तुमची!" अक्का वाद घालत नसत. पारसिकच्या बोगद्याआधी गाडी रखडली किंवा कुर्ल्याला पाणी भरलं, की मैत्रिणी लेट मार्कच्या धास्तीने घड्याळ बघत बसायच्या आणि अक्कांच्या हातातलं विणकाम चालू असायचं. गाडी वेळेवर पोचली, तर त्या वीस मिनिटांत फलाटावर काही ना काही घडायचंच. नोकरीच्या पहिल्या दिवशी बावरलेली एखादी मुलगी, कोणत्या बाजूने बाहेर पडायचं ते न कळणारं गावाकडचं जोडपं, उपाशीपोटी धावत आल्यामुळे चक्कर आलेली बाई. अक्का थांबायच्या. बाकीच्यांना थांबावंसं वाटत नसे असं नाही. त्यांना मस्टर गाठायचं असे.

अक्कांची लेक अमेरिकेत, आयोवा राज्यातल्या डी मॉइन शहरात असते. तिच्या बाळंतपणासाठी अक्का निघाल्या, त्या पहिल्यांदाच एकट्या. तिकीट काढताना लेकीने फोनवर विचारलं, "आई, मुंबई-दोहा-शिकागो नक्की आहे. शिकागोहून पुढे दोन विमानं आहेत. एक उतरल्यावर दोन तासांनी, दुसरं पाच तासांनी. दोन तास पुरतात तसे. कोणतं घेऊ?"

"पाच तासांनंतरचं घे," अक्का म्हणाल्या.

"अगं, एवढा वेळ करशील काय तिथे?"

"करायला काही नसलं तर बसेन. पण तिन्ही विमानं एकाच तिकिटावर घे."

हे एकाच तिकिटाचं अक्कांनी सोसायटीतल्या जाणत्यांकडून नीट समजून घेतलं होतं. सगळी विमानं एका पीएनआरवर असली, तर पहिल्याला उशीर होऊन पुढचं हुकलं तरी प्रवाशाला मुक्कामी पोचवायची जबाबदारी विमान कंपनीवर राहते. वेगवेगळी तिकिटं काढली, की दुसऱ्या कंपनीच्या लेखी तुम्ही फक्त न आलेले प्रवासी. पैसे गेले आणि नवं तिकीट आपल्या खिशातून.

पहाटे चारच्या विमानासाठी अक्का रात्री नऊला घरून निघाल्या. काटई नाका, शीळफाटा, ऐरोली हा रस्ता कधी तुंबेल याचा नेम नाही. त्या दिवशी तो मोकळा मिळाला. सहार विमानतळाच्या टी-टूवर पोचल्या तेव्हा काउंटर उघडायलाही वेळ होता. अक्कांनी पिशवीतून पोळीचा रोल काढला आणि शांतपणे खाल्ला.

विमानात त्यांच्या शेजारी तिशीतला एक मुलगा आला. बोलता बोलता कळलं, तो अंबरनाथचा, शिवमंदिराच्या बाजूला राहणारा. गाव जवळचं निघालं की बोलणं आपोआप सुरू होतं. मुलगा हुशार होता आणि मनाने चांगला होता. अक्कांची हातातली पिशवी त्यानेच वर ठेवली, पट्टा लावून दिला, समोरच्या पडद्यावर नकाशा कसा बघायचा ते दाखवलं.

तो पाठीला एकच बॅग लावून निघाला होता. अंबरनाथहून लोकलने घाटकोपर, तिथून मेट्रोने मरोळ नाका, मरोळ नाक्याला भुयारी मेट्रो आणि पुढच्याच स्थानकावर टी-टू. दोन तासांच्या आत विमानतळाच्या दारात. "रस्त्याचा प्रश्नच नाही, अक्का. २०२४ च्या ऑक्टोबरात ही भुयारी मेट्रो सुरू झाली आणि आपल्या लाइनवाल्यांचं काम सोपं झालं."

अक्कांनी मनापासून त्याचं कौतुक केलं. मग त्याने शिकागोची आखणी सांगितली. पुढचं मिनियापोलिसचं तिकीट त्याने वेगळं, दुसऱ्या कंपनीचं काढलं होतं. मध्ये पावणेदोन तास. सोळा हजार रुपये वाचले होते.

"आणि हे विमान लेट झालं तर?"

"गेल्या महिनाभराचं रेकॉर्ड बघितलं मी. बहुतेक वेळेवरच उतरतंय. माझ्याकडे चेक-इनचं सामान नाही, त्यामुळे पट्ट्यापाशी थांबायचं नाही. सरळ पळत सुटायचं."

अक्का हसून म्हणाल्या, "तुला जमेल. तरुण आहेस."

दोह्याच्या विमानतळावर मधोमध डोक्यात दिवा खुपसलेलं एक अवाढव्य पिवळं अस्वल बसवलेलं आहे. चुकामूक होऊ नये म्हणून लोक एकमेकांना तिथेच भेटायला सांगतात. अक्का त्या अस्वलापाशी बसल्या असताना बाजूला चाकाच्या खुर्चीत एक वृद्ध बाई आल्या. पांढरीशुभ्र ओढणी, हातात जपमाळ. अक्कांच्या पिशवीवर बदलापूरच्या एका दुकानाचं नाव वाचून त्यांनीच विचारलं, "बदलापूर से हो?"

त्या उल्हासनगरच्या निघाल्या, कॅम्प चारच्या. मुलाकडे डेट्रॉईटला चालल्या होत्या. आधी यजमान सोबत असायचे, या वेळी एकट्या. फाळणीनंतर सिंधहून आलेल्या कुटुंबांना कल्याणजवळच्या लष्करी छावणीत जागा मिळाली आणि १९४९ साली त्या छावणीचं उल्हासनगर झालं. या अम्मा तेव्हा आईच्या कडेवर होत्या. कराचीहून बोटीने मुंबईला उतरल्यावर कल्याणची गाडी कुठून सुटते हेही आईला ठाऊक नव्हतं. धक्क्यावरच्या एका अनोळखी माणसाने त्यांना हाताला धरून स्टेशनापर्यंत नेलं आणि गाडीत बसवून दिलं. "आई मरेपर्यंत त्या माणसाला दुवा देत होती," अम्मा त्यांच्या हिंदीत म्हणाल्या. "नाव नाही विचारलं. म्हणून मी कुणालाही रस्ता विचारायला लाजत नाही."

दोह्याहून शिकागो म्हणजे चौदा-पंधरा तासांचा प्रवास. उतरताना पाय सुजलेले, डोकं जड. शिकागोच्या ओहेअर विमानतळावर परदेशाहून येणारी बहुतेक विमानं पाच नंबरच्या टर्मिनलला लागतात. त्या दिवशी बरीच विमानं एकदम उतरली होती. पासपोर्ट तपासणीची रांग दोऱ्यांच्या वळणावळणाने दारापर्यंत आली होती. अम्मांची चाकाची खुर्ची यायला वेळ लागत होता, तेव्हा त्या उठल्या आणि गर्दीबरोबर चालत सुटल्या. अंबरनाथचा मुलगा रांगेत पुढे होता. एका पायावरून दुसऱ्या पायावर होत होता, दर मिनिटाला मोबाइल बघत होता. तास रांगेतच गेला.

शिक्का मिळाल्याबरोबर तो निघाला. सामानाच्या पट्ट्यांजवळ अम्मा बावरून उभ्या होत्या. त्यांनी त्याला थांबवलं.

"पुट, डेट्रॉईट का जहाज किधर से?"

त्याने धावता धावता त्यांच्या हातातला बोर्डिंग पास पाहिला. "टर्मिनल तीन, अम्मा. सामनेसे बाहर जाओ, वहाँ से ट्रेन है." बोट दाखवलं आणि तो गेला.

त्याचं सांगणं खरं होतं. डेट्रॉईटचं विमान तीन नंबरच्या टर्मिनलवरूनच होतं. बाहेर पडल्यावर टर्मिनलांना जोडणारी, चालकाशिवाय धावणारी फुकटची गाडीही होती. अम्मांनी त्याला आशीर्वाद दिला आणि त्या बाहेरच्या दाराकडे चालू लागल्या.

मागून अक्का पासपोर्ट तपासून आल्या. त्यांनी अम्मांना रिकाम्या हाताने दाराकडे जाताना पाहिलं आणि हाक मारली. "अम्मा, सामान?"

"सामान सीधा डेट्रॉईट. मुंबई में बोला था."

अक्कांनी त्यांचा बोर्डिंग पास मागितला. पाठीमागे सामानाच्या दोन लांबट चिठ्ठ्या चिकटवलेल्या होत्या. त्यांवर मोठ्या अक्षरांत शेवटच्या विमानतळाचं चिन्ह होतं, म्हणजे डेट्रॉईटचंच. मुंबईत सांगितलेलं खोटं नव्हतं. पण अमेरिकेत सहसा नियम असा, की देशात ज्या विमानतळावर प्रवासी पहिल्यांदा उतरतो तिथेच त्याने आपलं सामान पट्ट्यावरून उचलायचं, कस्टममधून न्यायचं आणि बाहेर पडल्यावर पुढच्या विमानासाठी पुन्हा जमा करायचं. चिठ्ठीवर पुढचं गाव लिहिलेलं असलं तरी. भारतात परत येतानाही बहुतेक असंच असतं. मुंबईला उतरून पुढे नागपूरला जाणाराही आपली बॅग मुंबईलाच उचलतो. त्या दारातून एकदा बाहेर पडलं की परत आत येता येत नाही. अम्मा डेट्रॉईटला पोचल्या असत्या आणि त्यांचं सामान शिकागोच्या पट्ट्यावर फिरत राहिलं असतं. त्यात त्यांची तीन महिन्यांची औषधं होती.

दोघी पट्ट्याजवळ उभ्या राहिल्या. अम्मांची एक बॅग लगेच दिसली, लाल कापड बांधलेली. दुसरी येईना. पट्टा रिकामा होत आला. मग अक्कांना ती कोपऱ्यात दिसली. कुणीतरी उतरवून खांबाशी ठेवलेल्या बॅगांच्या रांगेत ती होती. अक्कांनी दोन ढकलगाड्या आणल्या. आपलं सामान एकीवर, अम्मांचं दुसरीवर. कस्टमचा अधिकारी काय विचारतोय ते अम्मांना समजावलं. बाहेर पडल्यावर दोघींच्या बॅगा पुन्हा जमा केल्या, गाडीत बसून तीन नंबरला आल्या. तिथे पुन्हा सुरक्षा तपासणी, पुन्हा बांगड्यांची शिटी. फलकावर अम्मांच्या विमानाचं गेट शोधलं. ते बोर्डिंग पासवर छापलेल्या गेटपेक्षा वेगळं होतं. गेट ऐन वेळी बदलतं, म्हणून कागद नव्हे, फलक बघायचा. ही सवय अक्कांना फलाटावरच्या इंडिकेटरने लावलेली होती. गेटवरच्या मुलीला सांगून त्यांनी अम्मांना पहिल्यांदा आत सोडायची व्यवस्था केली. दार बंद व्हायला वीस-पंचवीस मिनिटं उरली होती.

अम्मा आत जाताना म्हणाल्या, "तेरा टाइम ले लिया मैंने."

"होता म्हणून दिला, अम्मा," अक्का मराठीतच म्हणाल्या.

अक्कांना थोडं पाठ टेकायला मिळेल असं वाटलं होतं, ते राहून गेलं. त्यांनी एक कॉफी घेतली आणि आपल्या गेटकडे निघाल्या. लेकीच्या हातात डिंकाचे लाडू पडले तेव्हा डी मॉइनला रात्र झाली होती.

पुढे अक्का परत आल्या. महाशिवरात्रीला अंबरनाथच्या शिवमंदिराच्या रांगेत उभ्या होत्या. १०६० सालच्या शिलालेखाचं हे शिलाहारांचं देऊळ. शिवरात्रीला तिथे एवढी जत्रा भरते की रांग वालधुनीच्या काठाने लांबच लांब जाते. मागून कुणीतरी म्हणालं, "अक्का, ओळखलंत का?" तोच मुलगा होता.

"मिळालं का रे तुझं विमान?" अक्कांनी पहिला प्रश्न तोच केला.

"मिळालं. दार बंदच करत होते, पण मिळालं." तो हसला. मग थोडं थांबून म्हणाला, "तिथे एका सिंधी आजींनी मला रस्ता विचारला होता. तुम्ही मागेच होतात. त्या पोचल्या का, काही माहीत आहे?"

अक्कांनी सगळं सांगितलं. चिठ्ठ्या, पट्टा, औषधं. त्या उल्हासनगर कॅम्प चारच्या होत्या हेही सांगितलं.

मुलाचा चेहरा उतरला. "म्हणजे आपल्या लाइनवरच्याच. आणि मी त्यांना सामानाशिवाय बाहेर पाठवत होतो."

"तू सांगितलंस ते खरंच होतं," अक्का म्हणाल्या. "पण तो तुझ्या प्रवासाचा रस्ता होता. तुझ्याकडे सामान नव्हतं, म्हणून तुझ्या वाटेत पट्टा नव्हता. त्यांच्या वाटेत होता. तेवढं दिसायला दोन मिनिटं उभं राहावं लागतं."

"पण अक्का, खरं सांगा," तो कळवळून म्हणाला, "मी थांबलो असतो तर माझं विमान गेलं असतं. नवं तिकीट चाळीस-पन्नास हजारांचं. माझ्या जागी कुणीही पळालंच असतं. मग मी चुकलो कुठे?"

अक्कांनी लगेच उत्तर दिलं नाही. रांग चार पावलं सरकली.

"शिकागोत तू चुकला नाहीस," त्या म्हणाल्या. "तिथे तुझ्या हातात काही उरलंच नव्हतं. पळण्यावाचून इलाज नव्हता. पण थांबायचं की पळायचं हे तिथे ठरलं नाही, बाळा. ते तू अंबरनाथला घरात बसून तिकीट काढलंस तेव्हाच ठरलं. सोळा हजार वाचवलेस, त्यात तू तुझं थांबणं विकून टाकलंस. विकताना तुला ठाऊक नव्हतं, एवढंच."

तो गप्प झाला.

"२०१९ ची ती महालक्ष्मी एक्सप्रेस आठवते?" अक्कांनी विचारलं. "बदलापूर-वांगणीच्या मध्ये उल्हास नदीच्या पुरात अडकली होती. हजाराच्या वर माणसं. २७ जुलै. चामटोलीची माणसं आधी धावली, मग एनडीआरएफच्या बोटी आल्या, नौदलाची माणसं आली. लोकांना सोडवून बदलापूरला आणलं, खाऊपिऊ घातलं आणि कल्याणहून खास गाडीने कोल्हापूरला पाठवलं. त्या दिवशी शनिवार होता. आमच्या सोसायटीतल्या ज्यांना सुट्टी होती ती माणसं चहा, बिस्किटं, कोरडे कपडे घेऊन गेली. ज्यांना ड्युटी होती ती गेली नाहीत. ती वाईट होती का? मुळीच नाही. पण त्या दिवशी भिजलेल्या माणसाच्या हातात कप कुणी दिला? ज्याच्याकडे वेळ होता त्याने."

"सगळ्यांना असा वेळ परवडत नाही, अक्का."

"नाहीच परवडत. पाळणाघरातून पोर उचलायला धावणाऱ्या बाईला मी कशी सांगू, आधीची गाडी पकड म्हणून? तिचा दिवसच दुसऱ्यांनी बांधलेला असतो. तिला आपण जागा करून द्यायची. पण ज्याला परवडतो, त्यानेही वेळेचा कणन् कण विकून टाकला, तर मग उभं राहायचं कुणी? ते धक्क्यावरचं माणूस अम्मांच्या आईला गाडीत बसवायला गेलं, त्यालाही कुठेतरी जायचं असेलच की. पण तासभर मोकळा असेल त्याच्याकडे."

रांग देवळाच्या पायऱ्यांपर्यंत आली. त्यांनी दर्शन घेतलं आणि गर्दीत दोघं वेगळे झाले.

मुलगा पुढच्या वेळी पुन्हा मिनियापोलिसला निघाला, तेव्हा त्याने एकाच पीएनआरवरचं, शिकागोला चार तास मिळतील असं तिकीट काढलं. पैसे थोडे जास्त पडले. त्या चार तासांत कुणीच त्याला काही विचारलं नाही. तो बसून राहिला, जेवला, आईला फोन केला, वेळेवर पोचला. घरी आल्यावर बायकोने विचारलं, "मग जास्तीचे पैसे वायाच गेले ना?" तो म्हणाला, "नाही. या वेळी कुणाला गरज पडली नाही, एवढंच."

ज्याने वेळ राखून ठेवला त्याला रोज कुणी गरजू भेटतोच असं नाही. पण गरजू भेटतो तेव्हा वेळ उसना आणता येत नाही. आपण माणसं बहुतेक चांगलीच असतो. ऐन वेळी कमी पडतो तो चांगुलपणा नव्हे, सवड. म्हणून तिकीट काढताना, दिवस आखताना, नुसतं मी पोचेन का एवढं विचारून थांबू नये. वाटेत कुणी हाक मारली तर मला थांबता येईल का, हेही विचारावं. दुसऱ्याच्या उपयोगी पडायचं ते वाटेत ठरत नाही, घरातून निघतानाच ठरतं.